वाचकांचे प्रश्न : वारा भरपूर असताना पवनचक्की कमी का चालवतात?

मागच्या अंकात या सदरात मी पवनचक्कीत वीज कशी तयार होते ते लिहिलं होतं : पाती, गिअरबॉक्स, जनरेटर आणि तिथून ग्रिडपर्यंतचा प्रवास. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं इथे घेतो आहे. चौघांनी वेगवेगळ्या जागी उभं राहून जवळपास एकच गोष्ट विचारली आहे. माझी नोकरी साक्री तालुक्यातल्या आणि साताऱ्याकडच्या पठारांवर पवनचक्क्यांच्या देखभालीत गेली. आता परतवाड्याजवळ संत्र्याचा बगीचा पाहतो, पण हा विषय माझ्या अजूनही जिव्हाळ्याचा आहे. उत्तर लांबलं तर समजून घ्या.

कास्तकार, चांदूर बाजार : रामराम काका. माहा भाचा तिकडं साक्रीकडं पवनचक्कीच्या साइटवर कामाले हाय. दिवाळीत आला तवा सांगून रायला होता का वारा मस्त असतानी बी काही मशीन मुद्दाम कमी चालवतात, वरून कंप्युटरच तसं ठरवते. वारा तं फुकटचा हाय. कोळसा लागत नाई, पानी लागत नाई. इकडं आमाले रात्री लाइन येते, पराटीले पानी द्याले अंधारात वावरात जा लागते. मंग फुकटचा वारा सोडून देनं हे पाप नाई का?

रामराम भाऊ. आधी तुमच्या लाइनीचं बोलतो. शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची की रात्री, हे वीज वितरणाचं वेळापत्रक ठरवतं. साक्रीतलं एखादं मशीन थोडं कमी चाललं म्हणून तुमची लाइन रात्रीवर गेलेली नाही. दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. तुमच्या गावचा फीडर त्यात घेतला आहे का, ते उपकेंद्रावर विचारा. हा तुमचा हक्काचा प्रश्न आहे.

आता भाच्याने सांगितलेलं. ते खरं आहे.

वारा पात्यांवर एकाच वेळी दोन कामं करतो. पाती फिरवतो आणि अख्ख्या पंख्याला मागे रेटतो. फिरण्यातून युनिट मिळतात. रेट्यातून कोणाला काही मिळत नाही, तो मनोऱ्याने आणि खालच्या काँक्रीटने सोसायचा. किती सोसायचा ते पाहा. ८० मीटर व्यासाचा पंखा असलेलं २ मेगावॅटचं मशीन घ्या. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात त्याच्यावरचा आडवा रेटा सुमारे २७ टन वजनाइतका असतो, आणि तो जमिनीपासून ८० मीटर वर लागतो. मनोऱ्याच्या बुडाला तो किती जोराने वाकवत असेल, हे तरफ वापरणाऱ्या कास्तकाराला समजावून सांगायची गरज नाही.

हा रेटा एकसारखा राहिला असता तर पोलादाने तो वर्षानुवर्षं निमूट सोसला असता. पण वारा झोतांनी येतो. शिवाय जमिनीजवळ तो मंद आणि वर जोराचा असतो, म्हणून प्रत्येक फेरीत प्रत्येक पात्याला वर एक वारा लागतो आणि खाली दुसरा. रेटा चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. या चढउताराने धातू थकतो. जर्मनीत ऑगस्ट व्होलर याने १८५० आणि ६० च्या दशकांत रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून हे दाखवलं : एकदा लावून जो भार आसाला काही करत नाही, तोच भार लाखो वेळा आलटून-पालटून लावला की आस तुटतो. पवनचक्कीचा पंखा मिनिटाला १५ फेऱ्या घेतो असं धरलं, तर २० वर्षांत त्याच्या दहा कोटींहून जास्त फेऱ्या होतात. माणसाने बनवलेल्या फार थोड्या यंत्रांच्या नशिबी एवढे हेलकावे येतात.

या थकव्याचा एक गुण आहे आणि सगळं गणित त्यावर उभं आहे. चढउतार थोडा कमी केला की थकवा खूप कमी होतो. वेल्ड केलेल्या पोलादासाठी तो साधारण तिसऱ्या ते चौथ्या घाताने बदलतो, पात्यांच्या काचतंतूसाठी दहाव्या घाताच्या आसपास. म्हणजे भाराचे हेलकावे १० टक्के कमी झाले, तर वेल्डवरचा थकवा चौथ्या घाताने साधारण एकतृतीयांश उतरतो आणि काचतंतूवरचा जवळपास दोनतृतीयांश.

आता वीज किती सोडायची ते पाहू. आल्बर्ट बेट्झ याने १९१९ मध्ये गणिताने दाखवलं की मोकळ्या वाऱ्यातून कोणताही पंखा ५९.३ टक्क्यांपेक्षा जास्त शक्ती काढू शकत नाही. त्याच गणितात एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती मला नोकरीला लागल्यावर बऱ्याच उशिरा कोणी नीट समजावली. शक्तीचा वक्र माथ्याजवळ सपाट असतो, रेट्याचा वक्र मात्र तिथेही चढताच असतो. म्हणून माथ्यावरून थोडं खाली उतरलं, म्हणजे पाती किंचित वळवून वाऱ्याला थोडी जास्त वाट दिली, तर शक्ती सुमारे ५ टक्के जाते आणि रेटा सुमारे १६ टक्के उतरतो. हे आदर्श पंख्याचं गणित झालं. खऱ्या मशीनचे आकडे वेगळे येतात, वक्रांचा आकार तोच राहतो. रेट्याचे हेलकावेही ढोबळमानाने त्याच प्रमाणात उतरले असं धरा. मग ५ टक्के विजेच्या बदल्यात मनोऱ्याच्या वेल्डवरचा थकवा जवळपास निम्मा होतो.

भाऊ, इथे थांबून तुमच्या बाजूने उलट प्रश्न विचारतो, कारण ५ टक्के म्हणजे थोडे नव्हेत. २ मेगावॅटचं मशीन वर्षभरात सरासरी २२ टक्के क्षमतेने चाललं असं धरलं, तर ते सुमारे ३८ लाख युनिट देतं. त्याचे ५ टक्के म्हणजे १ लाख ९० हजार युनिट. दरवर्षी तेवढे सोडले तर २० वर्षांत एका अख्ख्या वर्षाची वीज सोडल्यासारखं होतं. म्हणून सगळा वेळ मशीन दबकत चालवणं मलाही पटत नाही. शहाणं नियंत्रण तास निवडतं.

कोणते तास? पुष्कळांना वाटतं की वादळात मशीनला सगळ्यात जास्त मार बसतो. रेट्याच्या बाबतीत तसं नाही. वारा मशीनच्या पूर्ण क्षमतेपलीकडे गेला, सेकंदाला साधारण १२ मीटरच्या वर, की पाती आपोआप वळतात आणि जादा वारा सोडून देतात. वीज तेवढीच राहते, रेटा उतरत जातो. पुढे २५ मीटरला मशीन थांबतं. रेट्याचा खरा शिखरबिंदू पूर्ण क्षमतेच्या जरा अलीकडे असतो, चांगल्या पण वादळी नसलेल्या वाऱ्यात. तेवढ्या पट्ट्यात पाती थोडी आधीच वळवायला लागली तर वर्षाच्या हिशेबात वीज फार थोडी जाते आणि मनोऱ्यावरचे सगळ्यात वाईट हेलकावे छाटले जातात. तुमचा भाचा जे पाहतो आहे ते बहुधा हेच.

ही काळजी न घेता मशीन ओढलं तर काय होतं, तेही सांगतो. गिअरबॉक्स किंवा मुख्य बेअरिंग जातं तेव्हा मोठी क्रेन लागते. ती आषाढात घाटाच्या चिखलातून वर चढत नाही, चढली तरी जोराच्या वाऱ्यात ८० मीटरवर अवजड भाग उचलता येत नाही. आणि महाराष्ट्रात वर्षाचा मोठा वारा पावसाळ्याच्या त्याच महिन्यांत असतो. मशीन बंद, वर वारा घोंघावतो आहे आणि खाली आम्ही आभाळाकडे बघत क्रेनची वाट पाहतो आहोत, असे दिवस मी काढले आहेत. फुकटचा वारा खरा तिथे वाया जातो, भाऊ. आवरून चालवलेलं मशीन त्या महिन्यांत उभं असेल आणि २० वर्षांच्या पुढेही चार-पाच वर्षं नीट चालेल, तर सोडलेल्या युनिटांची भरपाई होऊन वर उरतं. तसा हिशेब मांडून सोडलेला वारा माझ्या लेखी पाप नाही. हिशेब न मांडता मशीन दाबून ठेवणारे आणि हिशेब न मांडता ते ओढणारे, दोघांचीही मला चीड येते.

विद्यार्थिनी, तंत्रनिकेतन, अमरावती : सर, आमच्या गटाने प्रकल्पासाठी पवनक्षेत्राचं नियंत्रण हा विषय घेतला आहे. पुढच्या मशीनने वारा घेतला की मागच्या मशीनला कमी मिळतो. पुढचं मशीन थोडं तिरकं करून ती ढवळलेली हवा बाजूला वळवता येते असं वाचलं. मग सगळीकडे असंच का करत नाहीत? पुढचं मशीन तिरकं ठेवल्याने ते लवकर खराब होतं का?

बेटा, विषय उत्तम निवडलास.

पुढच्या मशीनमागे जी मंद, भोवऱ्यांनी भरलेली हवा राहते तिला साइटवर वेक म्हणतात. डेन्मार्कच्या समुद्रातल्या हॉर्न्स रेव्ह क्षेत्राचा २००८ मधला एक फोटो शोधून पाहा. त्या दिवशी समुद्रावर धुकं धरलं आणि प्रत्येक मशीनमागची वेक पांढऱ्या पट्ट्यासारखी उघडी पडली. तिथे ८० मशीन आहेत, दोन मशीनमध्ये पंख्याच्या व्यासाच्या सातपट अंतर आहे, आणि तरीही रांगेच्या दिशेने वारा आला की मागच्या मशीनची वीज चांगलीच पडते. आपल्याकडे डोंगराच्या कड्यावर जागा मिळेल तशी मशीन बसवली जातात, तिथे अंतराचा नियम पाळणं आणखी कठीण.

वेकमध्ये वीज कमी होते, हे सगळे सांगतात. थकवा वाढतो, हे कमी सांगितलं जातं, आणि तुझ्या प्रकल्पात हीच बाजू ठळक येऊ दे. मागचं मशीन वेकमध्ये अर्धवट सापडलं तर त्याचं प्रत्येक पातं दर फेरीत एकदा मंद हवेतून आणि एकदा मोकळ्या वाऱ्यातून जातं. फेरी तीच, वारा तोच, पण पात्याच्या मुळाशी हेलकावा कितीतरी मोठा. पूर्ण वेकमध्ये असण्यापेक्षा अर्धं सापडणं पात्याला जास्त जाचक ठरू शकतं.

पुढचं मशीन वाऱ्यापासून साधारण २० अंश तिरकं केलं की त्याची वेक एका बाजूला सरकते. पुढच्याची वीज थोडी घटते, मागच्याची त्याहून जास्त वाढते. हे कागदावरच राहिलेलं नाही. वायव्य भारतातल्या एका चालू पवनक्षेत्रावर काही महिने असं नियंत्रण वापरून पाहिलं गेलं आणि त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. सेकंदाला ६ ते ८ मीटरच्या वाऱ्यात ऊर्जा ३.० टक्के वाढली, सगळे वारे धरले तर १.२ टक्के. १.२ हा आकडा तुला लहान वाटेल. एकही नवं मशीन न लावता, फक्त आज्ञावली बदलून तो मिळाला, हे लक्षात घे. मागे वेगवेगळ्या वाऱ्यांचे दोन आकडे का दिले, तेही कळेल : वारा पूर्ण क्षमतेच्या वर गेला की मागच्या मशीनलाही पुरेसा मिळतो, मग वळवून फायदा उरत नाही.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. तिरक्या मशीनच्या पात्यांवरचा भार कोणत्या बाजूला तिरकं केलं त्यावर अवलंबून असतो. वर जोराचा आणि खाली मंद वारा असल्यामुळे पात्यावर एक हेलकावा आधीच असतो. एका बाजूच्या तिरकेपणाने तो थोडा कापला जातो, दुसऱ्या बाजूच्याने वाढतो. म्हणून डावीकडे २० अंश आणि उजवीकडे २० अंश यांत विजेचा फरक फारसा नसला तरी थकव्याचा असतो. शिवाय वेक वळवायची म्हणजे मशीनने वाऱ्याच्या प्रत्येक बदलासोबत फिरत राहायचं. मग यॉच्या, म्हणजे मशीनचं डोकं वाऱ्याकडे फिरवणाऱ्या, मोटरी, दाते आणि ब्रेक जास्त झिजतात. आणि अर्धवट वळवलेली वेक मागच्या मशीनच्या अर्ध्या पंख्यावर पडली, तर युनिट वाढलेले दिसतील आणि मागच्या मशीनची पाती मुकाट्याने थकत राहतील.

प्रकल्पात मोठी सिम्युलेशनं करायच्या भरीस पडू नका. तीन मशीनची एक रांग घ्या, वाऱ्याच्या प्रत्येक दिशेला आणि वेगाला दोन रकाने भरा : एकूण वीज, आणि प्रत्येक मशीनच्या मनोऱ्याच्या बुडाशी व पात्याच्या मुळाशी झालेला थकवा. थकवा मोजायला पामग्रेन आणि मायनर यांचा नियम पुरेल. पामग्रेन याने तो १९२४ मध्ये बॉल बेअरिंगसाठी मांडला, मायनर याने १९४५ मध्ये विमानाच्या धातूसाठी. लहानमोठ्या हेलकाव्यांनी खाल्लेलं आयुष्य बेरजेने मोजायचं, बेरीज एक झाली की भाग संपला, एवढाच तो नियम. हेलकाव्यांचा क्रम त्यात धरला जात नाही, हे त्याचं उणेपण अहवालात लिहा, परीक्षक विचारतील. आणि पात्याचं स्वतःचं वजन विसरू नका. ४० मीटरचं पातं सहा-सात टनांचं असतं, दर फेरीत ते आपल्याच वजनाने एकदा या कडेला आणि एकदा त्या कडेला वाकतं. हा थकवा पाती वळवून किंवा मशीन तिरकं करून जात नाही. तो फेऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असतो.

शिक्षक, धारणी तालुका : शाळेची सहल चिखलदऱ्याला नेतो तेव्हा मोथ्याजवळच्या पवनचक्क्या मुलांना दाखवतो. शेजारीशेजारी एक फिरत असते, एक उभी असते. मुलं विचारतात, उभी आहे म्हणजे बिघडली का? काय सांगू?

गुरुजी, उभी दिसली म्हणजे बिघडलीच असं नाही, एवढं नक्की सांगा. कोणत्याही पवनचक्कीला सुरू व्हायला सेकंदाला तीन-चार मीटर वारा लागतो, आणि डोंगराळ भागात दोनशे मीटरवर वारा बदललेला असतो. कधी देखभाल चालू असते. कधी ग्रिडमध्ये जागा नसते, म्हणून वीज कमी करायचा आदेश येतो. एक कारण मुलांना फार आवडेल : मशीन वाऱ्यामागे एकाच बाजूला फिरत राहिलं की मनोऱ्याच्या आत लोंबणाऱ्या केबलना पीळ पडतो. पीळ ठरावीक मर्यादेला पोचला की मशीन थांबतं, उलट्या दिशेने फिरून पीळ सोडवतं आणि पुन्हा सुरू होतं. नशिबात असेल तर एखाद्या सहलीत पोरांना ते डोळ्यांनी दिसेल.

मोठ्या वर्गाला आणखी एक सांगता येईल. चिखलदरा समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या आसपास आहे. तिथली हवा विरळ, उन्हाळ्यात तापून आणखी विरळ. तेवढ्याच वेगाच्या वाऱ्यात तिथे कोकणापेक्षा वीज कमी मिळते, आणि मशीनवरचा रेटाही त्याच प्रमाणात कमी असतो.

पवनक्षेत्रावरचा टेक्निशियन, मूळ गाव नांदगाव खंडेश्वर : काका, मालकाला महिन्याचे युनिट पाहिजेत. साहेब म्हणतात मशीन जपा. वरून लोड कमी करायचा आदेश आला की आमच्याकडे सगळ्या मशीनचं सारखंच कापतात. जुनी मशीन आवाज करतात तरी त्यांचंही तेवढंच. माझ्यासारख्या माणसाने काय करावं? सेटिंग आमच्या हातात नसते.

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आदेशाचं आधी घेतो.

ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राकडून, म्हणजे राज्याच्या ग्रिडचा तोल सांभाळणाऱ्या कार्यालयाकडून, आदेश येतो तो सगळ्या क्षेत्राच्या बेरजेचा असतो. समजा तुमची २ मेगावॅटची २० मशीन मिळून ३६ मेगावॅट देत आहेत आणि ती २७ वर आणायची आहेत. प्रत्येकाचे २५ टक्के कापणं सोपं आहे. पण त्या कपातीत मोठी संधी आहे : या वेळी वीज सोडायचीच आहे, मग ती अशा ठिकाणी सोडावी जिथे तिच्या बदल्यात जास्तीत जास्त आयुष्य वाचेल. औताला जोडलेल्या जोडीत एका बैलाचा खांदा सुजला असेल तर आपल्याकडचा कोणताही कास्तकार जुवावरचा दांडीचा बांध त्याच्यापासून लांब सरकवतो, दमदार बैलावर जास्त ओढ घेतो आणि तास तेवढंच पूर्ण करतो. तसंच इथे करायचं. ज्या मशीनच्या बेअरिंगचं कंपन वाढलं आहे त्याला जास्त उतरवायचं, नुकतं दुरुस्त झालेल्याला कमी. वाऱ्याच्या तोंडाशी असलेल्या रांगेला जास्त उतरवलं तर तिच्यावरचा रेटा उतरतो आणि मागच्या रांगेला मोकळा, कमी ढवळलेला वारा पोचतो. दोन्हीकडे फायदा. एक पथ्य मात्र पाळायचं : चार मशीन पूर्ण बंद आणि बाकीची जोरात, असं वारंवार करायचं नाही. प्रत्येक बंद-चालूत मनोरा हेलकावतो. सगळी थोडी थोडी उतरवलेली असली तर मध्येच वारा पडला तरी बेरीज सांभाळायला हातात काही शिल्लक राहतं.

मंद चालवण्यालाही सीमा आहे. प्रत्येक मनोऱ्याची स्वतःची डोलण्याची लय असते. मशीनचा वेग उतरवत गेलं आणि तीन पात्यांच्या जाण्याची लय त्या डोलण्याशी जुळली, तर जपायला म्हणून केलेली कपात मनोऱ्याला जास्त हलवते. असे वेग आज्ञावलीत वर्ज्य केलेले असतात. म्हणून हाताने वेगाची मर्यादा बदलायला सांगितली तर आधी विचार : हा वेग कोणत्या पट्ट्यात येतो?

दुसरी गोष्ट, भार एका जागेवरून उतरवला की तो कुठेतरी दुसरीकडे चढलेला असतो. आता काही मशीनमध्ये तिन्ही पाती दर फेरीत वेगवेगळी वळवतात. त्याने पात्यांच्या मुळावरचा हेलकावा छान उतरतो, यात वाद नाही. पण पिचचं, म्हणजे पातं ज्यावर वळतं ते, बेअरिंग सतत त्याच दोन-चार अंशांत पुढे-मागे होत राहतं, ग्रीस तेवढ्या जागेतून बाजूला सरकतं आणि धावपट्टीवर खळ्या पडू लागतात. अशी सुविधा चालू केली की ग्रीसचं वेळापत्रक जुनंच ठेवून चालत नाही. साहेबांना हे तू सांगू शकतोस, कारण बेअरिंगचा आवाज तू ऐकतोस. स्काडाच्या, म्हणजे मशीनवर नजर ठेवणाऱ्या संगणकाच्या, पडद्यावर दर दहा मिनिटांची सरासरी दिसते. झोत त्या सरासरीत बुडून जातात.

मालक आणि साहेब यांच्यातली ओढाताण तुझ्यामुळे सुटणार नाही. करारात युनिटांचे पैसे असतात, वाचवलेल्या आयुष्याचा रकाना कुठेच नसतो, त्यामुळे मशीन जपणाऱ्याचं काम कोणाला दिसत नाही. म्हणून तो रकाना तू भर. प्रत्येक ग्रिड ड्रॉप, म्हणजे ग्रिड अचानक जाणं, तारीख-वेळ आणि वाऱ्याचा वेग घालून वहीत लिही. जोराच्या वाऱ्यात ग्रिड गेली की जनरेटरचा अडसर एका क्षणात निघतो, पंखा पळायला लागतो, पाती झटक्याने वळतात आणि रेटा एकदम नाहीसा होऊन मनोरा मागे-पुढे डोलतो. असे झटके कोणत्या मशीनने किती खाल्ले, हे महिन्याच्या जनरेशन रिपोर्टमध्ये येत नाही. तुझ्या वहीत असलं तर पुढच्या वेळी कपात वाटताना कोणाला जास्त उतरवायचं याचा आधार मिळेल. तेलाचे नमुने आणि बोल्टच्या टॉर्कच्या नोंदी त्याच वहीत मशीनवार असू दे.

आणि सेटिंग हातात नसली तरी दोन कामं पूर्ण तुझ्या हातात आहेत. त्यांत युनिट आणि आयुष्य यांच्यात निवड करावीच लागत नाही. पहिलं, नॅसेलवरचा, म्हणजे मनोऱ्याच्या माथ्यावरच्या पेटीवरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा दर्शक. एका साइटवर तो बदलताना खुणेशी नीट जुळवला गेला नव्हता, आणि मशीन कित्येक महिने वाऱ्याला आठ-एक अंश तिरकं उभं राहत होतं. तेवढ्या तिरकेपणाने दोन-तीन टक्के वीज जाते आणि वर हेलकावे वाढतात. दुरुस्तीला लागतो तो एक पाना, एक मोजमाप आणि चढायची तयारी. दुसरं, पात्यांचा शून्य कोन. तिघांपैकी एक पातं एक-दोन अंशांनी चुकलेलं असेल तर पंखा दर फेरीत मनोऱ्याला एकदा ढकलतो, आणि वीजही घटते. रात्रीच्या शांत वाऱ्यात खाली उभं राहून तिन्ही पात्यांचा आवाज ऐक, एकाचा सूर वेगळा लागला तर लिहून ठेव, आणि पुढच्या देखभालीत तो कोन मोजायची मागणी कर. पावसाळा सुरू व्हायच्या आत ही दोन्ही तपासून घे, म्हणजे आषाढाचा वारा अंगावर येईल तेव्हा मशीन सरळ उभी असतील.